मातीत गेलेली तार

आमच्या येळ्ळूरच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीतून 'टक्' असा आवाज यायचा. नवख्या माणसाला वाटायचं पाल चुकचुकली; ते बिचारं भुईवर बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं आणि आम्ही दोघी बहिणी तोंडात पदर कोंबून हसायचो. पाल कुठली! ती भट्टी होती, विजेची, भिंतीत चिणून बसवलेली. आतली आच पुरेशी झाली की तिचं बटण आपोआप 'टक्' करून बंद व्हायचं, आणि जरा निवली की पुन्हा 'टक्'. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते त्या काळी येळ्ळुरात अक्षरशः खरं होतं. आमच्याकडं मात्र मातीच्या चुलीला खेटून हे प्रकरण. ते वर्षभर मी त्या आवाजाकडं कान लावून काढलं म्हटलं तरी चालेल. एक 'टक्' झाली की दुसरी कधी होते याची वाट बघायची. मधल्या वेळात ना अभ्यास, ना धड एका जागी बसणं. आई म्हणायची, "ह्या मंगीच्या बुडाखाली इंगळ्या हायत." असतील. त्या दिवसांत आमच्या घरात कुणाच्या बुडाखाली नव्हत्या ते सांगा!

आप्पा, म्हणजे माझे वडील, जवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात वायरमन होते. सकाळी सायकलवर जायचे, संध्याकाळी खिशात टेस्टर आणि डोक्यात काहीतरी नवीन खूळ घेऊन यायचे. बेळगावच्या कॅम्पात एका जुन्या बंगल्यातलं म्हातारं जोडपं गाव सोडून मुलाकडं निघालं होतं. बंगला पडणार, म्हणून आतली वायरिंग उतरवून द्यायला आप्पा रविवारी जात होते. तिथल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत ही भट्टी होती. ती बाई म्हणाली, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. झालं! आप्पांनी ती बैलगाडीत घातली, वर वाकळ पांघरली आणि नव्या नवरीगत सांभाळत घरी आणली. आई दारातच उभी. म्हणाली, "लोकांच्या दारात गाडीतनं सून उतरती. आमच्या ह्यांनी डबडं आणलंय."

त्या डबड्यासाठी आईची उतरंड मोडली. चुलीशेजारच्या मोठ्या कोनाड्यात तिनं सासूच्या काळापासूनची मडकी रचली होती, एकात डाळ, एकात मीठ, एकात सांडगे. आप्पांनी ती एकेक उतरवली, कोनाडा खोदून मोठा केला आणि भट्टी आत बसवली, तीही ठासून नाही, चारी बाजूंनी हाताचा पंजा जाईल एवढी जागा ठेवून. "यंत्राला बी श्वास लागतोय," म्हणाले. आईला ती फट म्हणजे आयतं फडताळ वाटलं. दुसऱ्याच दिवशी तिनं तिथं चुलीची फडकी खुपसून ठेवली. आप्पांनी ती उपसून काढली आणि जळकं फडकं कसं दिसतं हे दाखवायला एक तिच्यासमोर चुलीत टाकलं.  आईनं संध्याकाळी त्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही.

हे सगळं खूळ कशासाठी, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझी थोरली बहीण, सुलोचना आक्का, निपाणीहून माघारी आली होती. तिच्या सासरी तंबाखूची वखार. घर मोठं, माणसं मोठी, पण नवऱ्यानं बाहेर दुसरं घर केलं होतं आणि ते लपवतही नव्हता. आक्का एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.तून उतरली. तिच्या लुगड्यांना, केसांना, पेटीतल्या घडीच्या चादरीला तंबाखूचा वास होता. आम्ही जवळ गेलो की शिंका यायच्या. आईनं सगळं दोनदा धुतलं. वास गेला, आक्का मात्र हातात झाडू धरला की तशीच उभी राहायची, कुठं झाडायचं तेच विसरून. मी एकदा विचारलं, "तिथं काय गं झालं?" ती म्हणाली, "काय न्हाय. तिथं मला नावानं हाक मारणारं कोण न्हवतं बघ."

आई रडली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पहिल्या दिवसापासून तिला परत पाठवायच्या गोष्टी करू लागली. आईला दुष्ट समजू नका. तिला झोप लागत नव्हती ती माझ्यामुळं. थोरली माहेरी बसली तर धाकटीला कोण विचारणार? हे ती माझ्यासमोरच म्हणायची, आणि मी त्या वेळी शाळेची शेवटची परीक्षा डोक्यावर घेऊन बसलेली, मला कुणी विचारावं अशी इच्छाही नसलेली, नुसती चडफडायची. तिकडून निपाणीहून सासरेबुवांचे निरोप येत होते. आक्का त्यांना मामंजी म्हणायची म्हणून आम्हीही मामंजीच म्हणायचो. भला माणूस, पण एकच पाढा: पोराचं वय आहे, सुधारेल, सुनेनं घर सोडू नये. शेवटचा निरोप असा आला की दसऱ्याला सोनं द्यायला येतो आणि येताना सुनेला घेऊनच जातो. तेव्हापासून दारासमोर जीप थांबली की आक्काच्या हातातलं भांडं थांबायचं.

आप्पांनी आक्काला 'राहा' असं तोंडानं म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांनी भट्टी बसवली. दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर डोक्यावर घेऊन शहापुरातल्या बेकरीवर नानकटाई भाजून आणायला जायच्या. पहाटे निघायचं, रांगेत बसायचं, आपल्या ताटाची खूण ठेवायची, कुणी प्रत्येक नानकटाईवर चारोळी खोचायचं, कुणी काड्यापेटीच्या काडीचा ठसा उठवायचं. तरी घरी येऊन बघावं तर शेजारणीची आपल्या डब्यात. आप्पांचा हिशेब साधा होता. गावातच भट्टी झाली तर बायका इथं येतील, आक्काचे हातपाय हलतील, तोंड हलेल. आईला ते म्हणाले, "पोरीला कायतरी उद्योग पायजे का नको?" आई म्हणाली, "उद्योग हाय की. संसार म्हंत्यात त्याला."

दुसऱ्यांकडं जेवणाआधी श्लोक म्हणतात. आमच्याकडं त्या दिवसांत आप्पा ताटावर बसले की आम्हा दोघींना विचारायचे, "हात?" आम्ही म्हणायचं, "कोरडं." "पाय?" "लाकडी पाटावर." "भट्टी पुसायची?" "निवल्यावर, मेन पाडून, कोरड्या फडक्यानं." "पाणी?" "थेंब न्हाय." "माणूस चिकटलं तर?" "हात लावायचा न्हाय, आधी मेन." मेन म्हणजे सोप्यातल्या, पुढच्या खोलीतल्या, भिंतीवरचं लोखंडी डबं, त्याची दांडी खाली ओढली की सगळ्या घराची वीज बंद. ते नीट पाठ झाल्याशिवाय आप्पा घास घ्यायचे नाहीत. भाकरी गार व्हायची. आई चुलीपुढून म्हणायची, "ह्येला घर म्हणायचं का कारखाना?" तिला त्यांनी कधी हे पाठ करायला लावलं नाही. ती भट्टीला हातच लावत नव्हती, मग कशाला? इथं आम्ही सगळेच चुकलो, पण ते पुढं.

आप्पांचा सगळ्यात जीव होता तो एका तारेवर. भट्टीच्या पत्र्याच्या अंगाला खाली एक बोल्ट होता. त्याला गुंडाळलेली जस्ताची उघडी तार भिंतीवरून खाली उतरून मोरीच्या भोकातून बाहेर परसात जायची आणि तिथं खोल खड्ड्यात, कोळसा आणि मीठ घालून पुरलेल्या नळीला जोडलेली होती. अर्थिंग. आतली वीज वाट चुकून पत्र्यावर आली तर ह्या तारेतून मातीत निघून जाते, माणसाच्या अंगातून जात नाही, असं त्यांनी आम्हाला समजावलं होतं. उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून त्या खड्ड्यात ते स्वतः रोज तांब्याभर पाणी ओतायचे. आई आपली तुळशीला घालायची, हे खड्ड्याला. आई म्हणायची, "तुमच्या देवाला कोंब कवा फुटतोय बघूया."

घरात असली नवी वस्तू आली की गल्लीलाही तिचा चटका बसतो. भट्टी लावली की आमच्या ओळीतल्या सगळ्यांचे दिवे मिणमिणायचे, रेडिओ घोगरा व्हायचा, आणि समोरची गंगूकाकी ओट्यावरून ओरडायची, "सुले, लावलीस काय गं भट्टी? जरा थांब की, बातम्या लागल्यात!" वीज खात्याचा लाइनमन बैलहोंगलकडचा, तो खांबाखाली उभा राहून कन्नडमध्ये म्हणायचा, "लोड जास्ती आयितु अण्णा," म्हणजे भार फार झाला, आणि नानकटाई खाऊन जायचा. फ्यूज तर सारखा उडायचा. शेजारच्या एका शहाण्यानं सल्ला दिला, जाड तार घाला, उडायची नाही. आप्पा एवढे चिडलेले मी क्वचित पाहिले. "फ्यूज उडतोय म्हणून घर ऱ्हातंय," म्हणाले, "त्यो उडायचा थांबला की आमी उडणार." आणि पुन्हा केसासारखी बारीक तारच घातली.

आक्काच्या पहिल्या नानकटाया काळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी वरून गोऱ्या, आत कच्च्या. मी भट्टीपुढं बसून परीक्षेचा अभ्यास करायचे आणि ती मला सारखी विचारायची, "टक् झालं काय गं?" मग तिला कळलं की मागचा कोपरा जास्त तापतो, मध्येच ताट फिरवायचं. कळलं की ताट सारताना दार उघडं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. मसाल्याची खारी बिस्किटं जमली तेव्हा तिनं एक आईच्या हातावर ठेवलं. आईनं ते चुलीपुढंच बसून खाल्लं आणि दुसरं उचललं. गंगूकाकी प्रथम आली ती नुसती बघायला, मग चार बायका आल्या, मग येळ्ळुराबाहेर पिरनवाडीपर्यंत बातमी गेली. नवरात्र बसलं तेव्हा दिवाळीचं भाजून देण्यासाठी आमच्या सोप्यात नावं सांगून ठेवायला बायका येऊ लागल्या होत्या. एक दिवस कुणीतरी काहीतरी चावट बोललं आणि आक्का मोठ्यानं हसली. मी परसात होते, तिथं मला ऐकू आलं. आई जात्यापाशी होती. तिनं मान वर केली, आणि बराच वेळ दळायचं विसरली.

खंडेनवमीला आमच्याकडं शस्त्रांची, अवजारांची पूजा. विळे, खुरपी, नांगराचा फाळ, सायकल, पोरांची पुस्तकं, जे म्हणून हाताला काम आणि पोटाला घास देतं ते सगळं धुवायचं, हळदी-कुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. आप्पा सकाळीच कारखान्यातल्या पूजेला मच्छ्याला गेले. मी आक्काबरोबर झेंडू आणि भाताच्या लोंब्या आणायला शेताकडं गेलतो. (आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी आलतो' म्हणतात, माझ्या पुण्याच्या सुनेला अजून हसू येतं. येऊ दे.) वाटेत आक्का बांधावर बसली आणि म्हणाली, "मंगे, उद्या मामंजी आलं तर आई मला घालवती बघ." मी म्हटलं, "आप्पा घालवणार न्हाईत." ती म्हणाली, "आप्पा काय बोलणार हायत? ते भट्टी बसवणार." आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली. फुलं पुरेशी झाली तरी आम्ही उगीच तोडत राहिलो.

घरी आलो तर सोप्यात पाटावर विळे-खुरप्यांची पूजा मांडलेली. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि आक्का दारातच थांबली. भट्टी झळकत होती. दाराची काच, पत्रा, कोपरे, चिंच लावून लख्ख. वर हळदी-कुंकवाची पाच बोटं उठवलेली, उदबत्ती लावलेली, आणि कोनाड्याच्या वर दोन खिळ्यांना परसातल्या झेंडूचं भरगच्च तोरण. खालची जमीन सारवलेली. आई बाजूला ओले हात पदराला पुसत उभी. ती म्हणाली, "त्या भिंतीतनं बाहेर काढता येईना म्हणून जागेवरच अंघोळ घातली. तुझं अवजार हाय ते. त्येला सोडून कसं चालंल?" आक्कानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईला तसलं काही जमत नसे. तिनं आक्काची पाठ थोपटली, चिंच लागलेल्या हातानं. संध्याकाळी आप्पा प्रसादाचे चुरमुरे घेऊन आले, त्यांनी ते तोरण बघितलं, आईकडं बघितलं आणि नाक शिंकरायला परसात गेले. ज्या माणसाला घरात शिरल्या शिरल्या सैल झालेला खिळा दिसायचा, त्याला त्या दिवशी काही दिसलं नाही. मला विचाराल तर मी आजही त्यांना दोष देत नाही. इतक्या दिवसांनी घरात सगळे एका बाजूला आले होते. कोण बोल्ट तपासत बसेल?

दसऱ्याच्या दुपारी मामंजी आले. पांढरं धोतर, काळा कोट, तपकिरीचे डाग पडलेला रुमाल. सोप्यातल्या खुर्चीवर बसले, बरोबर मेनच्या खाली. आप्पा पालखीच्या तयारीला देवळाकडं गेलते. आईनं त्यांना बोलवायला कुणाला तरी धाडलं. मामंजी इकडचं तिकडचं बोलत होते, पण नजर आतल्या दाराकडं. आई आत येऊन आक्काला हळूच म्हणाली, "ताज्या नानकटाया करून ठेव त्येंच्यापुढं. बघू देत तुझ्या हाताला काय हाय ते." ती तिला पाठवायच्या विचारात होती की ठेवून घ्यायच्या, ते मला तिच्या तोंडावरून कळेना. तिला तरी कळत होतं का कोण जाणे. मी उंबऱ्यावर उभी, एक कान सोप्यात, एक भट्टीत. पाय ठरत नव्हते. आक्कानं बटण लावलं. समोर गंगूकाकीचा रेडिओ घोगरा झाला. उभं राहायचा लाकडी पाट सोप्यात, पूजेखाली. शिलंगणाचं सोनं लुटून झाल्याशिवाय मांडलेली पूजा उचलायची नाही म्हणून आक्का तशीच, सणासाठी सकाळी पुन्हा सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली. एकदा 'टक्', मग पुन्हा 'टक्' झाली. तिनं दोन्ही हातांत ताट उचललं आणि आत सारलं.

ती ओरडली नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतं. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. आवाज ताटाचा होता, पत्र्यावर खडखड खडखड, आणि तिच्या बांगड्यांचा. नानकटाया एकेक करून खाली पडत होत्या. आई चुलीपुढून उठून तिच्याकडं धावली. मी आईला धरून मागं ढकललं, एवढ्या जोरात की ती लाकडाच्या ढिगावर पडली, आणि सोप्यात पळाले. मेनखाली मामंजी! त्यांना उठा म्हणायलाही वेळ नव्हता. मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर पाय दिला, दुसरा त्यांच्या मांडीवर, आणि दांडी धरून लोंबकळले. दांडी खाली आली. "अगं ए पोरी, ए!" ते ओरडत होते. आतली खडखड थांबली. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

आक्का जिवंत होती. हे मी आत्ता सांगून टाकते, कारण तेव्हा ते कळेपर्यंतचा वेळ मला अजून आठवायला नको वाटतो. ती श्वास घेत होती, दोन्ही तळहात पोळले होते, उजव्या हाताला ताटाच्या काठाची रेघ उठली होती. गल्ली जमली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पाय चोळले. गावातले डॉक्टर आले, छाती तपासली, हाताला मलमपट्टी केली आणि म्हणाले, वेळेवर सुटली. आप्पा धावत आले ते कपाळाला गुलाल तसाच. त्यांनी आक्काकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं, आणि गोठ्यातून पहार घेऊन आले. पहिला घाव कोनाड्याच्या कडेला घातला. माती ढासळली. "पोर ऱ्हायली तर बास," असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटत होते. माझे आप्पा, फ्यूजची तार भिंगातून बघणारे, भट्टीकडं न बघता भिंत फोडत होते.

मामंजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "फोडा, फोडा. असली अवदसा घरात कशाला पायजे? आमच्या निपाणीत असलं काय न्हाय. पोरगी जरा सावरली की मी न्हेतो हिला."  तेव्हा भिंतीला टेकून बसलेली आक्का, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून, कशीबशी म्हणाली, "आप्पा, पहार ठेवा. दिवाळी आलीया. मी कुठं जात न्हाय."

आप्पांनी पहार खाली केली. घाम पुसायला मान वर केली, आणि त्यांची नजर तोरणावर गेली. झेंडूच्या दोन फुलांच्या मधून जस्ताची तार दिसत होती. ते खाली वाकले. बोल्ट मोकळा. मोरीच्या भोकापाशी तारेचं तुटकं टोक. "ही कुणी काढली?" ते एवढ्या हळू आवाजात म्हणाले की पुन्हा विचारावं लागलं. आई लाकडांपाशीच उभी होती. "मी," म्हणाली. "फुलं ववायला दोरा टिकंना. ही नुसतीच मातीत गेलती. तुमीच म्हणाला हुता, ह्येच्यात करंट नसतोय. म्हणून मी वाकवून वाकवून मोडली. आनि पाणी... मी तांब्यानं वरनं पाणी वतलं." मग तिनं तोंडावर पदर धरला. "मी पूजा केली हो. मी तिची पूजा केली." आईला तशी रडताना मी त्याआधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मरणाची माया, आणि तिनंच पोरीला मरणाच्या दारात नेलं. मला तेव्हा आईच्या जवळ जावं की तिच्यापासून पळावं ते कळेना.

आप्पांनी ते तुटकं टोक हातात धरलं. मामंजींनी ती संधी साधली. "विहीणबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "झालं ते झालं. आता तुमीच सांगा पोरीला. तुमचं ऐकंल ती. बाईमाणसाचा जीव तिच्या घरात सुरक्षित." आईनं डोळे पुसले. ती पुढं आली, स्टुलावर चढली, तोरण खिळ्यावरून काढलं आणि खाली बसून एकेक फूल तारेतून ओढून काढू लागली. सगळी गल्ली बघत होती. फुलं संपली तशी तिनं ती तार गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी सरळ केली, आप्पांपुढं धरली आणि म्हणाली, "कुठं बांधायची ती मला दावा." मग मामंजींकडं वळली. "माझी चूक झाली. मला कुणी सांगिटलं न्हवतं, आता मी शिकंन. खरं, तुमच्या घरात माझ्या पोरीला एवढी वर्षं करंट बसत हुता, मामंजी. तिथं मेन पाडणारं कोण न्हवतं. बसा, सोनं घ्या, च्या घ्या. पोरगी येत न्हाय."

मामंजी बसले नाहीत. आपट्याची पानं आईच्या हातावर ठेवली, आक्काकडं एकदा बघितलं, तपकीर ओढायची विसरून रुमाल तसाच कोटात कोंबला आणि गेले. जाताना माझ्याकडं बघून मांडी चोळली. बहुतेक खूण उठली असावी.

आप्पांनी भट्टी उघडली. आच धरून ठेवणारा आतला काचेचा कापूस पाण्यानं जड झाला होता. पिळला तर ओल्या वाकळेसारखा गळायचा. सगळं परसात उन्हात मांडलं. कॉइल, चिनीमातीचे मणी, पत्रे. आई शेजारी बसून कावळे हाकत होती आणि विचारत होती, ह्येचं काय काम, त्येचं काय काम. आप्पा सांगायचे. आता संध्याकाळी ताटावर बसल्यावर 'हात?' विचारलं की तीन आवाज यायचे, आणि आईचा सगळ्यात मोठा. दिवाळीला भट्टी लागली, तेव्हा आक्काचे हात अजून आवळत नव्हते. ताट मी पाटावर उभी राहून सारलं, ती शेजारी बसून सांगत राहिली. गंगूकाकीचा रेडिओ घोगरा झाला आणि ती ओट्यावरून ओरडली, "लाव गं बाई, लाव! मसणात गेल्या बातम्या!"

परसातल्या त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम आईनं आप्पांकडून काढून घेतलं ते कायमचं. सकाळी आधी तुळस, मग अर्थिंग. पुढच्या खंडेनवमीला तिनं स्वतः मेन पाडला, कोरड्या बोटानं भट्टीला कुंकू लावलं, तोरण सुताच्या दोरीत ओवलं, आणि स्टुलावर चढून एक बोट कुंकू मेनच्या दांडीलाही लावलं. आक्का त्या भट्टीवर बरीच वर्षं भाजत राहिली, मग तिनं शहापुरात मोठी घेतली. तिच्या उजव्या तळहातावर ती रेघ अजून आहे. ज्योतिषी हात बघायला लागले की ती विचारते, ही कुठली रेषा सांगा बघू.

परवा मुलाच्या नव्या घरात भिंतीतली भट्टी बसवायला कंपनीचा पोरगा आला होता. मी त्याला अर्थिंग दाखव म्हटलं, तर म्हणाला, काकू, आता सगळं आपोआप बंद होतं, काळजीच करू नका. चांगलं आहे. मी त्याला तरी मोजून दाखवायला लावलं. माझी ही खोड जायची नाही. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की बसायच्या आधी माझी नजर भिंतींवर फिरते. लेकीला द्यायचं ठरत होतं ते घर बघायला आम्ही गेलो, तेव्हाही फिरली. घर छान होतं, मुलगा नाकीडोळी नीटस. पोहे आले, चहा आला, आणि मुलाची आई हसत म्हणाली, "काय शोधताय हो, विहीणबाई?" मी म्हटलं, "तुमच्या घरात मेन कुठं हाय, आणि तो पाडायला कोण उठतंय, तेवढं सांगा." सगळे हसले. मी नाही हसले. उत्तर मिळेपर्यंत मी चहाला हात लावला नाही.